बाबांचा मऊ बॉल
नुकत्याच कापलेल्या गवताचा वास आला की नाशिकबाहेरच्या गोल्फ कोर्सवरची ती सकाळ आठवते. काही महिन्यांपासून बाबांचे फटके तळ्याच्या अलीकडेच पडत होते. ते कधी वाऱ्याला, कधी हातमोज्याला दोष देत आणि घरीही एका जागी बसत नसत. फटक्याचा वेग कमी झाला असेल तर मऊ बॉल बरा, तो कमी जोरातही लांब जातो, असं दुकानदाराने सांगितल्यामुळे मी तसे बॉल नेले होते. बाबांनी एक दाबून पाहिला. "म्हणजे मी म्हातारा झालो म्हणतेस?" "हाताला झिणझिण्या येणार नाहीत, एवढंच," मी म्हटलं. ते बॉल टीवर, म्हणजे गवतात रोवलेल्या छोट्या खुंटीवर, ठेवायला वाकले, पण तो दोनदा घसरला, आणि त्यांचा उजवा हात थरथरताना मला दिसला. शेवटी बॉल टिकला आणि फटका तळ्यापार गेला. मी टाळ्या वाजवल्या, पण ते तिकडे बघतच नव्हते. "बॉल चांगला आहे," हात न्याहाळत ते म्हणाले, "डॉक्टरांची वेळ घे. आईला मी सांगेन." कंपवातावरचे उपचार वेळेत सुरू झाले आणि बाबा अजून खेळतात, पण ते टीवर बॉल ठेवत असतात तेव्हा मी आजही श्वास रोखून त्यांच्या बोटांकडे बघत असते.