इतिवृत्तातून वगळलेलं पान

आयुष्यात मी एकाच माणसाचं वाईट चिंतलं. ते मात्र मनापासून चिंतलं.

तो माणूस सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याचा अध्यक्ष. त्या कारखान्यात मी नऊ वर्षं खरेदी विभाग सांभाळला. सूत, रसायनं, बॉयलरचा कोळसा, पॅकिंगची खोकी, जे काही बाहेरून यायचं ते माझ्या सहीनं यायचं. अपवाद फक्त रंगाचा. सगळा रंग अध्यक्षांच्या व्याह्यांच्या एजन्सीकडून घ्यायचा, असा वरून हुकूम होता. आणि ती एजन्सी तो गुजरातेतल्या एकाच कारखान्यातून उचलायची.

यातला धोका मला पहिल्यांदा दाखवला तो डाइंग मास्तरांनी. घरी तेलुगू बोलणारे, शांत गृहस्थ. तीस वर्षं रंगखात्यात काढलेली. एकदा त्यांनी मला गोदामात नेलं.

"मॅडम, डबे बघा की. समद्यांवर एकच शिक्का हाय. उद्या तितं काय झालं तर आपण हितं काय करायचं? पांढरे टॉवेल इकायचे?"

त्यानंतरचे पंधरा दिवस मी एक पान तयार करण्यात घातले. कोणता माल एकाच ठिकाणाहून येतो, तो थांबला तर कारखाना किती दिवस चालेल, दुसरा कोण देऊ शकेल. रंगापुढे मी लिहिलं होतं, 'बारा दिवस. पर्यायी पुरवठादार नेमलेला नाही.' नुसती तक्रार केली नव्हती. दोन दुसऱ्या कारखान्यांचे नमुने मागवले होते, मास्तरांनी ते प्रयोगशाळेत चालवून बघितले होते आणि छटा जुळत होती. ते पान मी कंपनी सेक्रेटरीकडे दिलं आणि माझ्या प्रतीवर पोचेचा शिक्का व सही घेतली. ती सवय वडिलांची. त्यांचं भुसार मालाचं दुकान होतं.

संचालक मंडळाच्या बैठकीत माझा विषय जेवणाच्या आधी दहा मिनिटं आला. अध्यक्षांनी पान बघितलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

"मॅडम, तुम्ही फार वाचता बुवा. आमचे व्याही म्हणजे घरचा माणूस. घरच्या माणसाकडून कसली आलीय जोखीम?"

सगळे हसले. एक निवृत्त बँक अधिकारी स्वतंत्र संचालक म्हणून बसायचे. ते हसले नाहीत, त्यांनी घड्याळ बघितलं. सेक्रेटरीनं पानाच्या प्रती गोळा करून नेल्या. बैठकीच्या इतिवृत्तात पुढं एवढंच आलं, 'पुरवठ्याची स्थिती समाधानकारक असल्याची मंडळाने नोंद घेतली.'

वर्ष उलटलं नाही तोच गुजरातचा तो कारखाना सांडपाण्याच्या कारणावरून सरकारनं बंद केला. तेराव्या दिवशी आमचं रंगखातं थांबलं. तेव्हा परदेशातल्या हॉटेलांसाठी गडद निळ्या टॉवेलांची मोठी ऑर्डर चालू होती. मास्तरांना वरून सांगण्यात आलं, की उरलेसुरले रंग मिसळून भागवा. ते नको म्हणाले. तरी करायला लावलं. दोन लॉट डागाळलेले निघाले आणि गिऱ्हाइकानं ऑर्डर रद्द केली.

मग तातडीची बैठक बोलावली. मला उभं करून अध्यक्ष म्हणाले, "खरेदी विभाग झोपला होता का?"

"साहेब, मी मागच्या वर्षी लेखी दिलं होतं."

"कुठं आहे? इतिवृत्तात दाखवा."

सेक्रेटरी कागदात डोकं घालून बसला. बँकवाले साहेब पाण्याचा ग्लास फिरवत राहिले. मी शिक्क्याची प्रत आणते म्हणाले, तर अध्यक्षांनी हात वर करून मला थांबवलं. त्याच दुपारी माझा राजीनामा घेतला. डागाळलेले लॉट मास्तरांच्या नावावर टाकले आणि निवृत्तीला चार वर्षं असताना त्यांना घरी पाठवलं. मी माझं सामान घेऊन निघाले तेव्हा ते गेटवर उभे होते. रखवालदार त्यांची पिशवी तपासत होता. जेवणाचा डबासुद्धा त्यानं उघडून बघितला. मास्तर दुसरीकडं बघत होते. माझी नोकरी गेल्याचं दुःख मी कधीच गिळलं. तो उघडा डबा गिळता आला नाही.

पुढं मला एका संस्थेत काम मिळालं. परदेशी खरेदीदारांच्या वतीनं कारखाने तपासायचे. आधी यंत्रं आणि कामगारांच्या सोयी बघत होतो. अलीकडं खरेदीदार थेट संचालक मंडळाबद्दल विचारायला लागले. माल अडकला तर काय, याचा विचार मंडळात कोण करतं? किती वेळा करतं? लेखी दाखवा. ती प्रश्नावली पहिल्यांदा वाचली तेव्हा माझे कान तापले. तीन वर्षांनी यादीत त्याच कारखान्याचं नाव आलं.

आमच्याकडं नियम होता, की जिथं पूर्वी नोकरी केली तिथं तपासणीला जायचं नाही. नव्या लोकांना तो नियम मीच शिकवत होते. मी कुणाला काही बोलले नाही. शिक्क्याची प्रत फाइलीत घातली आणि पूर्ण मंडळ हजर असेल असा दिवस मागून घेतला.

"अरे, आपल्याच मॅडम!" अध्यक्ष उठून म्हणाले. "या, या. माहेरी आल्यासारखं वाटत असेल."

"हो ना. कुठल्या कपाटात काय आहे, सगळं माहीत आहे."

मी जुनी इतिवृत्तं मागितली. 'समाधानकारक' हे वाक्य सेक्रेटरीला वाचायला लावलं. मग तातडीच्या बैठकीचं इतिवृत्त वाचायला लावलं. मग माझं पान अध्यक्षांपुढं सरकवलं आणि म्हटलं, "या दोन्हींच्या मधलं हे. आपण वाचावं."

"चष्मा आणला नाही."

"मी थांबते."

चष्मा केबिनमधून आला. त्यांनी वाचायला सुरुवात केली. रंगाच्या ओळीपाशी आवाज बसला. "जरा मोठ्यानं, साहेब," मी म्हटलं. त्या क्षणी मला जो आनंद झाला, त्याची आजही लाज वाटत नाही.

"आता सुधारणा केलीय," ते घाईनं म्हणाले. "दोन महिन्यांचा रंग साठवून ठेवतो."

"कुणाकडचा?"

मी गोदामात गेले. एजन्सी तीच, पुन्हा सुरू झालेल्या त्याच गुजरातच्या कारखान्याचा शिक्का, आणि निम्म्याहून जास्त डब्यांची मुदत उलटून गेलेली. मी एकेका डब्याचा फोटो काढला. अहवालात लिहिलं, 'मंडळाची देखरेख केवळ कागदावर.'

अध्यक्षांनी आठ दिवसांत तक्रार केली. पुण्याहून आमच्या संस्थेच्या साहेबांचा फोन आला.

"तुम्ही तिथं नोकरीला होता?"

"होते."

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पाठवलं नसतं."

"राग आहे तुमचा त्यांच्यावर?"

"आहे. पण डब्यांवरच्या तारखा माझ्या रागानं छापलेल्या नाहीत."

साहेबांनी माझा अहवाल बाजूला ठेवला आणि दुसऱ्याला पाठवलं. सोलापुरात कधी पाय न ठेवलेला, मितभाषी माणूस. ते दिवस वाईट गेले. त्याला सगळं ठीक दिसलं तर मी फक्त एक खुनशी बाई ठरणार होते. पण त्यानं माझ्यापेक्षा खोल खणलं. जोखीम बघायला मंडळानं एक समिती नेमली होती. तिच्या चार बैठकांची इतिवृत्तं शब्दशः एकच होती. चारही ठिकाणी 'पुरवठा' हा शब्द सारखाच चुकीचा लिहिलेला. बैठका झाल्याच नव्हत्या.

खरेदीदारानं अटी घातल्या. समितीवर बाहेरचा जाणकार प्रमुख हवा, रंग निदान दोन ठिकाणांहून यायला हवा आणि खरेदी विभागाला मंडळापुढं थेट बोलता यायला हवं. माझं पान मूळ इतिवृत्ताला जोडायचं, हीही अट होती. अध्यक्षांनी प्रकृतीचं कारण देऊन पद सोडलं. बातमी कळली तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच इतकी हसले की आई कन्नडमधून विचारत आत आली, काय झालं गं तुला?

माझं तपासणीचं काम वर्षभर बंद केलं आणि मला ऑफिसात टेबलाच्या कामाला बसवलं. नियम मी मोडला होता.

मास्तरांना सांगायला त्यांच्या घरी गेले. सुनेनं चहा आणला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लोक कामावर हायत न्हवं?"

"आहेत."

"मग बरं झालं. नव्या मास्तराला तेवढं सांगा, दुसऱ्या ठिकानचा निळा घेताना पानी आदी तपासा म्हनावं. आपल्या पान्यात क्षार लई."

"मास्तर, तो माणूस गेला. तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं की. पर किती दिस वाटून घ्यायचं?"

मला त्यांचा रागच आला. मी चहा संपवून उठले.

ते माजी अध्यक्ष अधूनमधून एखाद्या लग्नात दिसतात. आता काठी घेऊन चालतात. दुरूनच हात जोडतात. शेजारची माणसं माझ्याकडं बघतात, वयाचा तरी मान ठेवावा म्हणून. मी हातातल्या अक्षता दुसऱ्या हातात घेते आणि स्टेजकडं बघत राहते.