कोल्ह्यासाठी ताणलेली तार

बस. पण आधीच सांगते, यातल्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवून दाखव! माझी सख्खी बहीण ठेवत नाय, तू कोण लागून गेलीस? आणि असले किस्से काय कोण ठरवून जमवतं? खुराड्यात पिसं साचतात तसे साचतात मेले. आज झाडा, उद्या तेवढेच परत. मला तर आता झाडायचापण कंटाळा येतो.

आमच्या घरात भात सासऱ्यांचं, माड सासऱ्यांचे, चूल सासूबायची. माझं म्हणावं अशा फक्त कोंबड्या. त्यापण उरल्या होत्या नऊ. परसाच्या दगडी गडग्यापलीकडे कोल्हे. अंडी मी बसवायची, पिल्लं मी वाढवायची, नि जेवायला कोल्हा! असं किती वर्षं करायचं माणसानं?

*

माझे धाकटे दीर, धोंडू भावोजी, मुंबईत मोटारींच्या गॅरेजात कामाला. एका मे महिन्यात आले ते मोटारीची बॅटरी नि एक लाकडी पेटी घेऊन. पेटीला ते 'कॉइल' म्हणायचे.

"वैनी, तुमच्या कोंबड्यांना इलेक्ट्रिकचं कुंपण घालतो!"

गावात तेव्हा वीज म्हणजे आभाळातली, तेवढीच ठाऊक. भावोजींनी खुराड्याभोवती चारी बाजूंनी खुंट ठोकले, त्यांना सोड्याच्या बाटल्यांची फुटकी तोंडं बांधली, त्यातून तार ओवली. पेटी माशीसारखी गुणगुणायला लागली.

मी विचारलं, "कोल्हा मरेल काय हो?"

"छ्या! नुसती चावेल. पण जन्मात विसरणार नाय."

"म्हणजे आईंच्या बोलण्यासारखंच की!"

आतून सासूबाय ओरडल्या, "ऐकू येतंय मला!"

*

दुसऱ्याच दिवशी सासूबायनी एवढी छान तार मोकळी बघितली, नि पिळलेलं लुगडं घेऊन निघाल्या वाळत घालायला.

मी पडवीत तांदूळ निवडत होते. सांगता आलं असतं. नाय सांगितलं.

अशी किंकाळी फुटली की माडावरचे कावळे उडाले! भावोजी धावत आले. "आई, काय झालं?"

सासूबायनी माझ्याकडे बघितलं. मी तांदळाकडे.

"काय नाय," त्या म्हणाल्या. "आजपासून घरातली सगळी लुगडी तुझी वैनी वाळत घालेल."

*

भावोजी म्हणाले, लुगड्याचं पाणी खाली गळत होतं म्हणून तेवढं तरी चावलं. खाली आमच्या सगळा कातळ, मे महिन्यात ठणठणीत कोरडा. जमीन ओली नसली तर ती वीज कामाचीच नाय!

झालं. रोज संध्याकाळी विहिरीवरून दहा कळशा आणायच्या नि तारेच्या बाहेरून शिंपायच्या. कोल्ह्याचे पाय ओले व्हायला हवेत ना! कंबर गेली ती तेव्हापासून.

शेजारची सखू गडग्यावरून विचारते, "काय गो, काय लावलंयस एवढं?"

मी म्हटलं, "कोल्हे!"

*

पण काम झालं, खोटं कशाला बोलू. एका संध्याकाळी कोल्ह्यानं तारेला नाक लावलं नि केकाटत जो गेला, तो पाऊस लागला तरी दिसला नाय. नऊच्या नऊ शाबूत!

सप्टेंबरात शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले. शाळेत जायच्या आधी चहाला आमच्याकडे. पायात हे एवढे कडक बूट. तार बघून हसले, खुशाल हात लावला. काही नाय!

"धोंडू, तुला मुंबईत कुणीतरी फसवलंय," म्हणाले.

भावोजी गणपतीला आले होते, त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला काय ते बघवेना. मी पदर सावरून पुढं झाले.

"साहेब, खळं आत्ताच सारवलंय. तेवढे बूट काढता काय?"

भला माणूस, लगेच काढले. ओल्या सारवणात अनवाणी उभे राहिले. "आता परत लावून बघा," मी म्हटलं.

त्या वर्षी शाळेचा शेरा चांगला आला. साहेबांनी मुलांना एकसुद्धा प्रश्न विचारला नाय!

*

मग गावचा भगत आला. तारेभोवती फिरला, डोळे मिटले, म्हणाला, "हिच्यात देवचार शिरलाय. कोंबडा मागतोय."

माझा एकच कोंबडा! कोल्ह्याच्या तोंडातून राखलेला. सासूबाय तर लगेच निघाल्या पकडायला.

मी म्हटलं, "भगतबुवा, नक्की मागतोय काय? हात लावून विचारा एकदा."

वाडीतली सगळी बाया-माणसं बघत होती. मागं हटतो कसा? लावला हात. गपकन खाली बसला.

"काय म्हणाला हो?"

भगतानं हात चोळला. मग म्हणाला, "म्हणाला… नको."

*

दिवाळीनंतर बॅटरी गॅरेजच्या मालकानं परत मागवली. भावोजी पेटीपण घेऊन गेले. नुसती तार राहिली. पण तिला कोण हात लावतोय! पुढल्या वर्षी सासऱ्यांनी तारसुद्धा काढली, खुंट चुलीत घातले. तरी कोल्हे यायचे ते तार होती तिथं बसून नुसते बघायचे. कोंबड्यापण तिथपर्यंत चरत जायच्या नि वळायच्या. पाणी शिंपायला नको, काय नको! नवांच्या वीस झाल्या. मला वाटलं, चला, आता जरा पाठ टेकायला मिळेल.

एका तिन्हीसांजेला गडग्यावरून एक कोल्हा उतरला. बारका, अंगावर नीट केसपण नव्हते. नवखा असणार. त्याला आमच्या तारेचं कुणी सांगितलंच नव्हतं! सरळ चालत आत आला.

कोंबड्या फडफडत घराकडे सुटल्या. विसाच्या वीस. आणि घराकडच्या अंगाला तार होती तिथं येऊन थांबल्या. एका रांगेत. तो मागून सावकाश येतोय, नि ह्या उभ्या!

मी पडवीतनं खराटा घेऊन धावले. ओरडत धावले. त्यांच्यासमोर पोचले. मधे काय नव्हतं गो, नुसती जमीन. ह्या बाजूला मी, त्या बाजूला त्या, माझ्याकडे बघतायत.

आणि मी एक पाय वर धरून तिथंच थांबले.

बघतेस काय अशी? जा आता, जा घरी.