काठमांडूत लाटलेल्या पोळ्या

माझ्या हातातला पोळ्यांचा डबा काकूंनी काढून घेतला. हिसकावला नाही. हिसकावला असता तर निदान भांडता आलं असतं. दोन बोटांनी कडी धरली, डबा अलगद ओढला आणि म्हणाल्या, "तुम्ही बसा. आम्ही वाढतो."

चार दिवस त्या मला 'अगं' म्हणत होत्या. आज 'तुम्ही'.

काठमांडूतली धर्मशाळा. भर दुपार. अंगणात पंगत बसलेली, सगळी वाशीहून आलेली मराठी माणसं. काकूंनी डबा भिंतीशी नेऊन ठेवला आणि झाकण घट्ट लावलं. मग कुणीतरी म्हणालं, आज नुसता भातच घेऊ, उन्हात पोळ्या जड पडतात. त्यासरशी सगळ्यांनाच पोळ्या जड पडायला लागल्या. माझ्या नवऱ्यानं मान खाली घातली आणि भात कालवला. मीही बसले. नुसता भात चिवडत राहिले.

त्या पोळ्या मी पहाटे उठून लाटलेल्या होत्या. सहलीबरोबर आचारी एकच, म्हणून पोळ्यांची पाळी बायकांनी आपसांत वाटून घेतली होती. त्या दिवशी माझी पाळी. काकूंनी स्टोव्हपाशी उभ्या उभ्या एक गरम पोळी खाल्ली होती आणि तुझ्या हाताला चव आहे म्हणून माझी पाठ थोपटली होती. मधे एक सकाळ गेली. एवढ्यात काय बिघडलं, ते सांगते.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आम्हाला वाशीत राहायला येऊन तीनेक वर्षं झाली होती. मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला, नवरा सरकारी कचेरीत कारकून. वाशीतलेच एक अण्णा दर सुट्टीत सहल काढायचे, त्या वर्षी नेपाळची काढली. पासपोर्टची कटकट नाही आणि म्हणायला परदेश. बाकीच्यांना राजवाडे, देवळं बघायची होती, परदेशी बनावटीचं सामान घ्यायचं होतं. मला स्तूप बघायचा होता. माझी आई महाडकडच्या खेड्यात आयुष्यभर दुसऱ्यांची भातं कापत राहिली. धम्म घेतल्यापासून तिचं एकच म्हणणं, एकदा बुद्धाचा मोठा स्तूप डोळ्यांनी बघीन. ती गेली आणि ते राहून गेलं. मी ठरवलं, आपण जायचं आणि तिच्या वाटचं वंदन तिथं म्हणायचं.

निघताना नवऱ्यानं बजावलं, "तिथं आपलं काही काढू नको. आडनाव बरंय, कोण विचारत नाय." आडनाव सासऱ्यांनी गावावरून घेतलेलं, शेवटी 'कर' लावलेलं. त्याच्या आडोशाला आम्ही राहत होतो. वाशीत सगळेच नवे. कुणाचं मूळ कुणाला ठाऊक नाही. माझा नवरा या गोष्टीवर फार खूश असायचा. त्याचं मी समजू शकत होते. शाळेत तो वर्गाच्या दाराबाहेर बसून शिकला होता.

काकू रेल्वेत माझ्या समोरच्या बाकावर होत्या. पन्नाशीच्या, गोऱ्या, बोलायला मायाळू. मला मुलगी नाही गं, म्हणाल्या, आणि गोरखपूर यायच्या आत त्यांनी मला मुलगी करून टाकलं. माझे केस कोरडे दिसले तर पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि चालत्या गाडीत माझ्या डोक्याला तेल चोळलं. आई गेल्यापासून माझ्या डोक्याला कुणी तेल लावलं नव्हतं. मला त्या आवडल्या. खोटं कशाला सांगू, फार आवडल्या.

तर त्या सकाळी आम्ही स्वयंभूचा स्तूप चढलो. पांढरा घुमट, वर चारी दिशांना रंगवलेले डोळे. बायकांनी हळदीकुंकू वाहिलं, पितळी चक्रं फिरवली, फोटो काढले. काकूंना शोकेसमध्ये ठेवायला पितळेचा बुद्ध घ्यायचा होता. कुठला घेऊ, तूच सांग, म्हणाल्या. मी मिटल्या डोळ्यांचा निवडून दिला. त्यांनी तो पदराला पुसला आणि पर्समध्ये ठेवला.

मग मी बाजूला जाऊन गुडघे टेकले. हळू म्हणायचं ठरवलं होतं. पण आईचा आवाज आठवला आणि माझा आवाज मोठा झाला. त्रिसरण झालं, पंचशील झालं. डोळे उघडले तर काकू शेजारी हात जोडून उभ्या.

"गोड म्हणतेस. कुठलं गं हे स्तोत्र?"

"आमचं वंदन आहे, काकू. आईनं शिकवलं."

"आमचं म्हणजे?"

"आम्ही बौद्ध."

त्या "अच्छा" म्हणाल्या. जोडलेले हात सुटले. चपला शोधायला म्हणून गेल्या त्या परत माझ्याकडे आल्याच नाहीत. पायऱ्या उतरताना पुढं बायकांचा घोळका होता, मागं आम्ही दोघं. नवऱ्यानं विचारलं, काय बोललीस? मी सांगितलं. तो भराभर पायऱ्या उतरायला लागला. मग जेवणाची वेळ झाली, आणि डबा गेला तो तसा गेला.

दुपारी जुना राजवाडा बघितला. शेजारीच कुमारीचं घर. नेपाळात लहान मुलीला देवी मानतात, राजासुद्धा तिच्या पाया पडतो, असं वाटाड्या सांगत होता. चौकात उभं राहायचं, वर खिडकीत ती क्षणभर दिसते. दिसली. काजळानं डोळे भरलेले, हसू नाही. आमच्या सगळ्या बायकांनी हात जोडले, काकूंनी पदर डोक्यावर घेतला. मग वाटाड्या म्हणाला, ये लड़की हमेशा बौद्ध घर से चुनी जाती है. ते कुणाच्याच कानांत शिरलं नाही. हात तसेच जोडलेले. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मोठी झाली की हिलाही देवीपणावरून खाली उतरवतात म्हणे. मला वाटलं, मी तर एका सकाळीच उतरले.

पशुपतिनाथाचं दर्शन घ्यायला आम्ही दोघं गेलो नाही. बागमतीच्या काठावर घाटाच्या पायऱ्यांवर थांबलो. पलीकडं चिता जळत होती. बाकीची मंडळी दर्शन घेऊन बाहेर आली. तिथं माकडं पुष्कळ. काकूंनी पिशवीतून डबा काढला.

माझा डबा. त्यांनी झाकण उघडलं, बायकांनी एकेक पोळी घेतली, तुकडे केले, माकडांकडे टाकले. मुक्या जिवांना घातलं की पुण्य लागतं, असं एक जण म्हणाली. पोळ्या अजून मऊ होत्या. मला लांबून दिसत होतं, तुटताना ताणल्या जात होत्या.

मी उठले. नवऱ्यानं दंड धरला. "चल बसमध्ये. तमाशा नको."

"तमाशा सकालपासून चालू हाय," मी म्हटलं. गावाकडचं बोलणं तोंडात आलं. कितीतरी वर्षांनी आलं.

गेले आणि डब्याला हात घातला. काकूंनी सोडला, पटकन सोडला. मला वाटलं होतं मी ओरडेन. आवाज शांत निघाला.

"काकू, सकाळी तुम्हीच यातली एक खाल्लीत. तेव्हा चव होती."

त्या म्हणाल्या, "अगं, वाया जाण्यापेक्षा..."

"वाया मी गेले नाय. तुमच्या मनात मी वाया गेले."

डोळे भरले होते त्यांचे. माझेही भरले. मला राग कमी आणि दुःख जास्त झालं, हे आजही कबूल आहे. बायका देवळाकडे बघत उभ्या राहिल्या. अण्णा पुढं आले, रात्री तुमची ताटं खोलीतच पाठवतो, तुम्हालाही मोकळं वाटेल, म्हणाले. मी म्हटलं, ताटं पाठवू नका, मी पंगतीला बसणार. मग तिथंच पायरीवर बसले आणि एक पोळी कोरडी खाल्ली. शेवटचा घास होईपर्यंत उठले नाही. नवरा बसमध्ये जाऊन बसला होता.

रात्री पंगतीत मधोमध बसले. नवरा खोलीतच थांबला. माझ्या दोन्ही बाजूची पानं रिकामी राहिली. मी पोटभर जेवले. परतीच्या प्रवासात काकूंची जागा बदलून रेल्वेच्या दुसऱ्या डब्यात झाली. त्यानंतर त्या मला वाशीच्या बाजारात अधूनमधून दिसायच्या. हसायच्या, बऱ्या आहात ना, असं विचारायच्या. मी बरी आहे म्हणायची आणि माझाच हात नकळत माझ्या डोक्यावरून फिरायचा.

सहलीनंतर आमच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं. बाई ओळख करून घ्यायला आल्या. मी चहाचं आधण ठेवलं नाही. आधी त्यांना खुर्ची दिली, आमचं गाव सांगितलं, गावातला बौद्धवाडा सांगितला, आम्ही कोण ते सांगितलं. मग विचारलं, चहा ठेवू का? नवरा आत कपाळाला हात लावून बसला होता. एवढं सांगायची गरज काय, म्हणाला. त्याची भीती खोटी नाही. तरीही मी तेव्हापासून आजपर्यंत हेच करते. आधी सांगते, मग वाढते. ज्याला उठायचंय त्यानं पानावर बसायच्या आधी उठावं. माझं अन्न मी कुणाला अंधारात ठेवून वाढणार नाही, आणि माझ्या डोळ्यांदेखत कुणाला फेकूही देणार नाही.