कुणापुढं चालत न्हाई

मी एसटीत कंडक्टर. गाडी रिव्हर्स घेताना मागं उभी राहून, येऊ द्या येऊ द्या म्हणत पत्र्यावर थापा मारायच्या, हे माझं रोजचंच. लातूर-रेणापूर गाडीला नेहमी येणारा एक फिटर होता, डाळमिलच्या मशीन दुरुस्त करणारा. एक दिवस उतरता उतरता म्हणाला, "ताई, तुमचा हात लई तालात हाय. आमच्यात येता का?" मला वाटलं, गाण्याची पार्टी असंल. जाऊन बघते तर काय, डाळमिलच्या बंद गोदामात तीस-पस्तीस माणसं. कुणी तेलाच्या पिंपावर ठोकत होतं, कुणी डाळ चाळायच्या जाळीवर, कुणी नांगराच्या फाळावर. आणि मधोमध हा फिटर दोन लॅपटॉप मांडून बसलेला. पिंपाला एक चपटा माईक चिकटवलेला. टोला मारला की तो वायरीतून लॅपटॉपात जायचा आणि घडीभरानं स्पीकरमधून परत यायचा, पण असा की ओळखू येऊ नये, विहिरीतून कुणी हाक मारल्यासारखा. मी त्या दिवशी पिंप धरलं ते सोडलं नाही.

लोकांना हे कळायचं का? कशाचं काय. रेणापूरला आम्ही घाम गाळून अर्धा कार्यक्रम वाजवला, तेव्हा पुढच्या रांगेतले एक म्हातारबाबा म्हणाले, "माईक टेस्टिंग झालं असंल तर सुरू करा की." असा राग आला मला. पण तेच बाबा शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत, म्हणून सोडून दिलं.

खरी अडचण घरी होती. आमच्या घरात वाद्य नाही. धम्म घेतला तेव्हा आजोबांनी गावकीची कामं सोडली आणि डफडं फोडून चुलीत घातलं. गावात वरात निघाली की तिच्यापुढं चालत वाजवायचं, साहेब आला की त्याच्यापुढं, आणि मग दाराबाहेर थांबायचं, असं त्यांचं आयुष्य गेलेलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, हे ऐकतच मोठे झाले. जयंतीच्या मिरवणुकीत ते स्वतः नाचतात, ती गोष्ट वेगळी, तो आपला मान. पण घरात वाद्य नको म्हणजे नको. म्हणून माझं पिंप गोदामातच राहायचं. त्यांनी मला अडवलं नाही. एवढंच म्हणाले, "माय, कुणाच्या पुढं चालत वाजवायचं न्हाई. तसं वाजवलंस तर मला तोंड दाखवू नको." बघायला मात्र कधी आले नाहीत.

मग नांदेडच्या मोठ्या सभागृहाचं बोलावणं आलं. आमच्यातल्या निम्म्या जणांनी त्यासाठी रजा टाकल्या होत्या, बाकीच्यांनी रोज बुडवला होता. आणि स्टेजवर वायरी जोडताना बघते तर मागच्या रांगेत अण्णा. मला न सांगता आलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. शेजारच्या फिटरला म्हणाले, ते बघा आमचे अण्णा.

तेवढ्यात संयोजक घाईघाईनं आले. "पाहुण्यांची गाडी पोचतेच आहे. असं करा, सगळे गेटवर चला आणि वाजवत वाजवत त्यांना स्टेजपर्यंत आणा. मग तुमचं काय ते पंधरा मिनिटं करा."

मी अण्णांकडं बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. "इथं बसून वाजवू," मी म्हणाले. "कुणापुढं चालत न्हाई."

"अहो मॅडम, पाहुण्यांचा मान असतो तो."

"मग तुम्हीच वाजवा. घ्या, काठ्या देते."

कंडक्टरच्या तोंडाला ब्रेक नसतो. बोलून गेले आणि मग घाबरले. माझ्या एकटीपायी सगळ्यांचा कार्यक्रम जाणार होता. फिटरनं माझ्याकडं बघितलं, मग लांब अण्णांकडं बघितलं, आणि तो गप आपल्या खुर्चीत बसला. त्याच्यामागं जाळीवाल्या बायका बसल्या. मग फाळवाले. मग सगळेच. जन्मात मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"मग कॅन्सल तुमचं. उचला सामान," म्हणत संयोजक गेटकडं पळाले.

आम्ही वायरी गुंडाळायला घेतल्या. स्टेजच्या लाकडी पायऱ्यांखालीही आम्ही ते चपटे माईक चिकटवले होते, कारण आमच्यातली एक जण पायऱ्या चढून-उतरून ताल धरायची. तेवढे काढायचे राहिले होते. पाहुणे आले. भरल्या अंगाचे, नवे करकरीत बूट. ठक, ठक, मध्येच जरा अडखळले, ठक. वर पोचले, आणि तेच सगळं सभागृहभर परत आलं, अडखळण्यासकट, ढग वाजावा तसं. फिटरचं बोट लॅपटॉपवर होतं.

पाहुण्यांनी आपल्या बुटांकडं बघितलं. मुद्दाम एक पाय आपटला आणि वाट बघितली. आला परत. गडी हसला. आणि काय सांगू, हार घेऊन उभ्या संयोजकांना तसंच ठेवून तो माणूस पायऱ्या उतरला आणि पुन्हा चढायला लागला.

त्यांचा तो अडखळता ताल मी पिंपावर उचलला. जाळ्या आल्या, फाळ आले. परवानगी कुणी दिली नाही आणि कुणी मागितलीही नाही. पाहुणे चालत होते, आणि आम्ही बसून वाजवत होतो. पंधरा मिनिटांचा तास झाला. संपलं तेव्हा सगळं सभागृह उभं होतं, आणि मागं अण्णा खुर्चीवर चढून टाळ्या वाजवत होते, जयंतीला वाजवतात तशा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामानाचा टेम्पो मला घरी सोडून गोदामाकडं निघाला, तर अण्णा आडवे आले. "पिंप कुठं नेताय? उतरवा इथं."

घरात जागा होती ती एकच, त्यांच्या खुर्चीची. खुर्ची त्यांनी स्वतः उचलून ओसरीत ठेवली. पिंप आत आलं. अण्णांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, बोटांनी एक टोला दिला आणि मान कलती करून उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले.

"अण्णा, वायर लावल्याबिगर परत येत न्हाई."

"मंग लाव की."