कोणत्याही पुरुषाची सही

मोर्शीची माझी चुलतबहीण दोन मुलींची आई. नवऱ्याला मुलासाठी तिसरं हवं होतं, तिला नको होतं. म्हणून तिने मला, वकील भावाला, अमरावतीच्या दवाखान्यात गर्भपातासाठी सोबत नेलं. काउंटरवरच्या बाईंनी नवऱ्याची सही मागितली. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, हे मी कायद्याच्या नावासकट सांगितलं. त्यांनी आदराने ऐकून घेतलं.

"बरं, मंग भाऊ म्हणून तुमीच करा."

म्हणजे नवराच पाहिजे असं नव्हतं; कोणीही मिशीवाला चालत होता. काम होतंय म्हणून मी पेन उघडलंही.

"दादा, तू कावून मधात येऊन राहिला?" बहीण म्हणाली. "पोट माह्यं हाये. सही मीच करतो."

बाई डॉक्टरांना विचारायला आत गेल्या. परत आल्यावर त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला आणि मला बाहेर बसायला सांगितलं.