तुटलेली तार आधी दाखवायची

शेवंताबाईंची एक खोड रायपूरच्या पंडरीतल्या अर्ध्या बाजाराला पाठ आहे आणि उरलेला अर्धा बाजार तिला कंटाळलेला आहे. बिघाड सापडला की त्या तो लगेच दुरुस्त करत नाहीत. पेचकस खाली ठेवतात, हात पुसतात आणि जिन्यातून ऐकू जाईल अशी हाक मारतात, "या सगळे. आधी पाहून घ्या." त्या बिघाडापायी ज्यांचा खोळंबा झाला असेल त्यांनी येऊन तुटलेली तार, जळालेला सांधा डोळ्यांनी बघायचा, मगच बाई जोडणार. दुकानदार कितीही चरफडला तरी त्या ढिम्म हलत नाहीत.

ही खोड उगाच लागलेली नाही. रेल्वेच्या नोकरीपायी भंडाऱ्याकडून रायपूरला आलेल्या घरातली ही मुलगी वायरमनचं काम शिकायला गेली, तेव्हा वर्गात दुसरी मुलगी नव्हती. पुढे कामाला निघाली तर लोक तिला शिडी धरायला आलेली समजत आणि खरा मिस्त्री मागून येतोय का म्हणून जिन्याकडे बघत बसत. दिवा लागला की म्हणत, काही बिघडलंच नव्हतं. एका शहाण्यानं तर तोंडावर सांगितलं की हिनंच आधी तार तोडली असेल. त्या दिवशी शेवंताबाई घरी येऊन रडल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून दाखवायला लागल्या. आज पन्नाशी उलटली, केस पिकले, सगळा बाजार 'लाइटवाली दीदी' म्हणून मान देतो. तरी दाखवणं सुटलं नाही.

तर ही गोष्ट त्यांच्या भाचीची. भावना, त्यांच्या भावाची मुलगी. दुसऱ्यांच्या दुकानात वर्षानुवर्षं भरतकाम करून तिनं एकदाची स्वतःची दोन मोठी मशीनं घेतली आणि निरंजन मालकांच्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर गाळा भाड्यानं घेतला. समोरच्या गाळ्यात घड्याळं दुरुस्त करणारे गंगाधरकाका. फार जुने भाडेकरू, स्वभावानं चिडके, पण हात सोन्याचे.

भावनाचं दुकान सुरू झालं आणि गंगाधरकाकांचे हाल सुरू झाले. इकडे मशीन लागलं की तिकडे पंखा पिसाळल्यासारखा फिरायचा. छोटा टीव्ही धूर सोडून मेला. काकांना पांढरा उजेड डोळ्यात बोचतो म्हणून ते अजून पिवळा बल्ब लावतात, तोही चेहऱ्याच्या अगदी जवळ. एके दुपारी भावनानं मशीन लावलं आणि तो बल्ब फुटला. काच काकांच्या भुवईत घुसली. बोटभर खाली लागती तर डोळा गेला असता, आणि घड्याळवाल्याचा डोळा गेला तर उरतं काय!

मग सगळी इमारत भावनावर उलटली. तिची मशीनं उलटा करंट फेकतात, असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं. निरंजन मालक तसे भले, पण रक्त पाहून तेही घाबरले. म्हणाले, "बेटा, महिनाअखेर दुसरीकडे बघ." लग्नसराईचं काम डोक्यावर, आणि अशी बदनामी घेऊन निघालेल्या मुलीला दुसरा गाळा कोण देणार? भावनानं आत्याला फोन केला.

बाजार बंद असतो त्या दिवशी सकाळी शेवंताबाई आल्या. निरंजन मालक आणि गंगाधरकाका, दोघांनाही मुद्दाम बोलावलं होतं. काका भुवईवर पट्टी लावून आले आणि आल्या आल्या तणतणले.

"दीदी, तुमच्याच भाचीचा मामला आहे. तुम्ही काय न्याय करान?"

"मी न्याय करत नाही, भाऊ. तार पाहतो." टेस्टर काढत बाई म्हणाल्या. तो काकांच्या प्लगच्या एका भोकात घातला, त्यातला दिवा लागला. दुसऱ्या भोकात घातला, तिथंही लागला.

"पाहा!" काका म्हणाले. "डबल करंट येऊन राहिला."

"डबल नाही. एक तार कमी आहे."

मग त्यांनी दोघांनाही समजेल असं सांगितलं. वीज एका तारेनं येते आणि दुसरीनं परत जाते. या परतीच्या तारेला न्यूट्रल म्हणतात. दोन्ही गाळ्यांत वीज वेगवेगळ्या तारांनी येते, पण परतीची तार मजल्याला मिळून एकच. ती कुठंतरी तुटली, म्हणून इथली वीज तिथून आणि तिथली इथून वाट काढते आहे. ज्याचं यंत्र मोठं त्याचं भागतं आणि ज्याचा दिवा लहान त्याच्यावर सगळा जोर येतो. मशीनं चांगली आहेत.

भावनाचा चेहरा उजळला. "मी सांगतच होती न, मालक!"

"थांब," आत्या म्हणाली. "कुठं तुटली ते सापडू दे."

खालच्या मीटरच्या बोर्डात न्यूट्रल ठणठणीत होती. वरच्या दोन्ही गाळ्यांत नव्हती. म्हणजे गेली ती मध्येच. आता दुसरा कुणी असता तर छिन्नी घेऊन भिंत फोडत सुटला असता. शेवंताबाई काकांशेजारी स्टूल ओढून बसल्या आणि विचारलं, "भाऊ, तुम्ही आले तेव्हा इथं काय काय होतं?" चिडक्या माणसाला कुणी जुनं विचारलं की तो विरघळतो. काका सांगत सुटले. सगळा मजला आधी कापडाचं एकच गोदाम होता. मधल्या प्लायवूडच्या भिंती मागाहून आल्या. आणि मोठा लाकडी बोर्ड होता तो त्या तिकडच्या भिंतीवर.

त्यांचं बोट भावनाच्या गाळ्याकडे होतं. त्या भिंतीला आता भावनाचं धाग्यांच्या रिळांचं रॅक होतं.

शेवंताबाईंनी मजल्याचा मेन स्विच पाडला, वीज बंद झाल्याची खात्री केली आणि काका नि मालकांना खाली चहाला पाठवलं. आत्या-भाचीनं मिळून रॅक सरकवलं. मागे जुना बोर्ड तसाच होता, आणि त्याच्या खालून आलेली जाड काळी तार फळीच्या रेषेत साफ कापलेली. दोन्ही गाळ्यांकडे जाणारी तिची वरची टोकं भिंतीला लोंबत होती.

भावना बघतच राहिली. "ही तर मीच काढाले लावली," ती हळूच म्हणाली. "रॅक भिंतीले चिकटत नव्हतं. बढई म्हणाला, ए तार मरे हे दीदी, टेस्टर नइ जलत हे. मी म्हटलं, काट दो भैया."

टेस्टरचा दिवा न्यूट्रलवर लागत नसतोच. जिवंत तारांना त्या सुतारानं हातही लावला नाही, आणि जिच्यावर सगळा मजला चालला होता ती मेलेली म्हणून कापली. बाजारात अशा 'मेलेल्या' तारा रोज कापल्या जातात. पण ही आपल्याच घरची निघाली.

"आत्या, जोडून टाक न पटकन," भावना काकुळतीनं म्हणाली. "ते खाली आहेत. पाइपात तुटली होती म्हणून सांग. कोणाले समजते?"

"मले समजते न."

"मले गाळा सोडा लागन, आत्या. काकांच्या डोळ्याजवळ लागलं, ते माझ्याच हातानं झालं असं समजल्यावर मले कोण राहू देईन? तू माझी आत्या आहेस का त्यांची?"

शेवंताबाईंच्या हातातली पक्कड तशीच राहिली. ही मुलगी त्यांच्या मांडीवर वाढलेली. चार पीळ दिले, टेप गुंडाळली, रॅक मागे ढकललं की संपलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं की आज नाही दाखवलं तर काय बिघडणार आहे. वाटलं, आणि त्या वाटण्याची त्यांना लाजही वाटली. ज्याच्या भुवईत काच गेली त्या माणसापासून त्याच्या जखमेचं कारण लपवायचं, तर मग तार हिनंच तोडली म्हणणाऱ्या त्या शहाण्यावर इतकी वर्षं राग धरून काय मिळवलं?

"तुझीच आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून तुझ्याजवळ उभी राहतो." आणि जिन्यात जाऊन त्यांनी हाक मारली. नेहमीची खणखणीत हाक आज नीट निघाली नाही. "या. आधी पाहून घ्या."

दोघं वर आले, वाकून बघू लागले. शेवंताबाईंनी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागून भावनाच बोलली.

"काका, ही तार मी कापाले लावली. मले माहीत नव्हतं. पण मीच."

शेवंताबाई खाली बसल्या. दोन्ही बाजूंची टोकं सोलून चकचकीत केली, नवा तुकडा घातला, पितळी कनेक्टरमध्ये स्क्रू घट्ट आवळले, वर झाकणाचा डबा ठोकला. सांधा असा बसला की ओढून निघणार नाही. मेन उचलला, दोन्ही गाळ्यांत तपासायचं मीटर लावून पाहिलं. वीज सरळ होती.

निरंजन मालकांनी गंगाधरकाकांकडे पाहिलं. "मी हिला जायला सांगितलं ते तुमच्या जखमेपायी. आता तुम्हीच सांगा, काय करायचं?"

काकांनी भुवईवरच्या पट्टीला हात लावला आणि ते पाठ फिरवून आपल्या गाळ्यात निघून गेले. भावना मशीनला टेकून उभी राहिली, डोळे भरलेले. शेवंताबाई तिच्याजवळ गेल्या. तिनं आत्याचा हात झटकला नाही, पण धरलाही नाही.

समोर बटण वाजलं. पिवळा उजेड पडला, स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"भावना," गंगाधरकाकांनी हाक मारली, "लाव मशीन. मी दिव्याखालीच बसलो आहो."