बॅटरीवाल्या गाडीत मी पाय ठेवणार नाही

त्या गाडीत मी आजवर बसलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. चालवणं तर लांबच राहिलं. पण तिच्याविषयी मला जेवढं माहीत आहे तेवढं माझ्या राजुरीच्या जमिनीविषयीही माहीत नाही. जर्मन स्पोर्ट्स कार. दोन दारं, बेडकासारखे गोल डोळे आणि इंजिन पार मागच्या चाकांच्याही मागे. कॉलेजात असताना पुण्याच्या एका रद्दीवाल्याकडे इंग्रजी मासिकात तिचा फोटो बघितला आणि कामातून गेलो. आमच्या घरात नुसतं 'ती' म्हटलं की तीच. "तुमच्या तिचं काय नवीन?" असं बायको चारचौघांत विचारते, तेव्हा नवीन पाहुण्याच्या हातातला चहा सांडतो.

पोटासाठी मी आळेफाट्याला बॅटऱ्या विकतो. ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या, इन्व्हर्टरच्या.

आता त्या गाडीच्या कंपनीने तिचे जे हाल केले, त्याविषयी मला बोलायला लावू नका. पण लावलंच आहे तर ऐका. मागे एकदा गोल दिवे काढून तव्यावर अंडं फुटल्यासारखे दिवे बसवले. आम्ही बोंब मारली, तेव्हा पुन्हा गोल केले. मग दर नव्या मॉडेलला ती थोडी थोडी फुगत गेली, लग्नानंतर मी फुगलो तशी. पूर्वी किल्ली डाव्या हाताने फिरवायची असे. ती जाऊन बटण आलं. इंजिनाचे फेरे दाखवणारा खराखुरा काटा होता, तिथे आता पडदा. अरे, पडदा बघायला घरी टीव्ही आहे की! हे सगळं गिळलं. आणि मग बातमी आली की तिची हायब्रीड निघाली. पेट्रोलच्या इंजिनाला विजेची मोटार जोडलेली. म्हणजे बॅटरी!

त्या दिवशी मी दुकानात गिऱ्हाईक उभं ठेवून मोबाइलवर लेख लिहिला. आमचा एक ग्रुप आहे, त्या गाडीवर जीव टाकणाऱ्या मराठी माणसांचा. त्यात गाडी असलेले हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. बाकी आम्ही जीव टाकणारे. मी लिहिलं, की बॅटरीने गाडीचं वजन वाढतं, आवाज मरतो, आत्मा जातो. शेवटी लिहिलं, 'असल्या गाडीत मी पाय ठेवणार नाही. आणून दारात उभी केली तरी नाही.' अंगठ्यांचा पाऊस पडला. पुण्याच्या एका डॉक्टरांनी तेवढं विचारलं, 'आपण चालवून पाहिली आहे का?' मी लगेच ठोकलं, 'विष आहे हे कळायला चाटून बघावं लागत नाही.' त्यावर आणखी अंगठे. ते वाक्य मी त्या आठवड्यात दुकानात आलेल्या प्रत्येकाला वाचून दाखवलं. एका ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, "ते समदं खरं राव, पण माझी बॅटरी कधी देता?"

महिन्याभराने डॉक्टरांचा निरोप आला. ते रविवारी नाशिकला निघाले होते. वाटेत आळेफाट्याला थांबून माझ्या दुकानी चहा घेतला तर चालेल का, असं विचारत होते. खाली एक फोटो होता. गाडी पांढरी, नवी कोरी. हायब्रीड.

मी तडक बाहेर पडलो. शेजारच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीला फोटो दाखवला. हा माझा पंचवीस वर्षांचा मित्र. माझं एकही मत त्याला पटलेलं नाही आणि एकही त्याने ऐकायचं सोडलेलं नाही.

"मंग बस की एकदा," मिस्त्री म्हणाला. "जन्माचं सपान हाय तुझं."

"अरे, मी लिहून बसलोय!"

मिस्त्रीने हात पुसत विचार केला. "हे बघ भाऊ. तो म्हणंल बसा. तू म्हण नको. तो परत म्हणंल बसा, तू परत म्हण नको. तिसऱ्यांदा तो हाताला धरून ओढंल. मंग बस. तुझा शबुदबी राहतो आन् बसनंबी व्हतं. पावण्याचं मन मोडवलं न्हाई, असं लिव्ह ग्रुपात."

यात मला काहीही गैर दिसलं नाही. आमच्याकडे पहिल्या विचारण्याला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. राजुरीत कुणाच्या घरी पंगतीला बसा. वाढणारा आला की ताटावर आडवा हात धरायचा, तो बोटांच्या फटीतून वाढणार. पुन्हा हात, पुन्हा वाढणार. पोट भरलेलं असो की रिकामं, दोनदा नको हे ठरलेलं. सोयरीकसुद्धा आमच्यात पहिल्या बैठकीत जुळली तर लोकांना संशय येतो. तेव्हा मला ओढून बसवण्यात येईल आणि मी नाइलाजाने बसेन, हे नक्की झालं. शनिवारी मी नाइलाजाचा चेहरा आरशात करूनसुद्धा पाहिला.

रविवारी बायको मासवडीचा डबा घेऊन दुकानात आली. पुण्याचा माणूस येणार, नुसत्या चहावर कसं पाठवायचं?

गाडी आली. फाट्यावरचा स्पीडब्रेकर तिने तिरका, जपून ओलांडला, आणि ऊस नेणाऱ्या दोन ट्रॉल्यांच्या मध्ये ती दिसली तेव्हा मी दुकान सोडून रस्त्यावर आलो. तेच गोल डोळे. मागे लाल दिव्याची सबंध पट्टी. डॉक्टर उतरले, हसले, चाटून बघण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून गाडीभोवती फिरलो, प्रदर्शनात बैल बघतात तसा. बोनेटवर एकदा हात ठेवावा असं वाटत होतं. मिस्त्रीने तो खुशाल ठेवला.

बायकोने डबा उघडला. "घेता का मासवडी?"

"हो, घेतो की," डॉक्टर म्हणाले आणि खायला लागलेसुद्धा.

आग्रहाची पुढची वाक्यं बायकोच्या तोंडात तशीच राहिली. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मला तिथेच कळायला हवं होतं, की या माणसाच्या गावी हो म्हणजे हो आणि नको म्हणजे नको. पण तेव्हा माझं सगळं लक्ष चेहरा तयार ठेवण्यात होतं.

हात धुऊन डॉक्टर म्हणाले, "चला, एक चक्कर मारू?"

"नको नको," मी म्हणालो. "राहू द्या."

"हो, तुम्ही लिहिलंच होतं," ते अगदी मनापासून म्हणाले. "आपलं मत तुम्ही पाळता, हे मला आवडलं. आग्रह नाही करत." आणि वळून, "वहिनी, तुम्ही येता?"

"चला," बायको म्हणाली.

एकदाही नको नाही! पदराला हात पुसले, पिशवी माझ्या हातात दिली आणि माझ्या जन्माच्या स्वप्नात ती अशी जाऊन बसली, जशी ओतूरच्या बाजाराला निघाली आहे. दार लागलं. गाडी नारायणगावच्या दिशेने गेली. मी पिशवी धरून उभा.

"दोनदा नको म्हणायचं होतं ना?" मी मिस्त्रीवर ओरडलो.

"तुला दुसऱ्यांदा नको म्हणायची पाळीच आली न्हाई, त्याला मी काय करू?"

वीस मिनिटांनी ती परत आली. बायको उतरली ती वाऱ्याने केस विस्कटलेली आणि हसत. पंचवीस वर्षांत माझ्या पिकअपमधून ती अशी कधी उतरलेली नाही.

"अहो, आवाज तर केवढा येतो! तुम्ही तर म्हणत होता मेलाय."

मी काही म्हणण्याआधी मिस्त्री पुढे झाला. "डॉक्टर, मी बसू का?" त्याने तर विचारण्याची वाटसुद्धा पाहिली नाही. तोही गेला, तोही आला, आणि येऊन माझ्या कानात म्हणाला, "भाऊ, लई म्हंजे लईच. बॅटरी हाय म्हणून कळतबी न्हाई."

आता माझी पाळी होती. आता सरळ म्हणायचं, डॉक्टर, चुकलो, मलाही न्या. ओठांपर्यंत आलं. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, "निघतो, उशीर होतोय," म्हणाले, आणि मी म्हणालो, "या पुन्हा."

संध्याकाळी ग्रुपमध्ये फोटो पडला. गाडीत माझी बायको, मागे माझ्या दुकानाची पाटी, 'सर्व प्रकारच्या बॅटऱ्या मिळतील'. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, की लेखक तत्त्वाला जागले, बसले नाहीत. आतापर्यंत मला इतके अंगठे कधीच मिळाले नव्हते. एकेक अंगठा डोळ्यात गेल्यासारखा वाटत होता.

त्यांनी मला वेगळा निरोपही पाठवला होता. 'शुक्रवारी सकाळी परत पुण्याला येतोय. मत बदललं असेल तर सांगा, थांबतो.'

बायको शेजारीच बसली होती. "हो लिहा," ती म्हणाली. "एकच तर अक्षर आहे."

"लिहितो ना," मी म्हणालो. देवाशपथ, हो लिहायलाच मी मोबाइल हातात घेतला होता. पण अंगठ्याला दुसरी सवय. 'बघू, जमलं तर,' असं लिहून पाठवूनसुद्धा झालं. आमच्याकडे याचा अर्थ नक्की या, वाट बघतोय, असा होतो. लगेच उत्तर आलं. 'ठीक आहे. मग थांबत नाही, थेट जातो. काळजी घ्या.'

बायकोने कपाळाला हात लावला आणि ती आत निघून गेली.

यानंतर पुन्हा लिहून खुलासा करायचा, तर स्वतःहून चक्कर मागितल्यासारखं दिसलं असतं. म्हणून केला नाही. शुक्रवारी मात्र सकाळी सातलाच दुकान उघडून, इस्त्रीचा शर्ट घालून, बाहेर खुर्ची टाकून बसलो. न जाणो, चहाची तलफ आली तर थांबतील. दहाच्या सुमाराला लांब बायपासच्या बाजूने एक आवाज आला, भरीव, चढत जाणारा. मी खुर्चीवरून उठलो.

"तीच!" मी मिस्त्रीला म्हणालो. "काय आवाज आहे राव!"

मिस्त्रीने गाडीखालून डोकं बाहेर काढलं, थोडा वेळ कान दिला.

"ट्रॅक्टर हाय त्यो," तो म्हणाला, आणि परत आत गेला.